अटकेचा जुना फॉर्म : सोलापुरातील एका पोलीस ठाण्याचे प्रकरण

संक्रांतीच्या दिवसांत सोलापुरात सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरते. नंदीध्वजांची मिरवणूक, होम मैदानावरची गर्दी आणि शोभेचे दारूकाम या सगळ्यांचा बंदोबस्त शहर पोलिसांच्या अंगावर असतो आणि त्या काळात ठाण्यांमध्ये रात्रपाळीला मोजकीच माणसे उरतात. अशाच एका रात्री, एक वाजण्याच्या सुमारास, शहरातील एका पोलीस ठाण्यात यंत्रमाग कारखान्यातील एका तरुण कामगाराला सुताचे कोन (सूत गुंडाळलेली शंकूच्या आकाराची रिळे) चोरल्याच्या आरोपावरून अटक झाली. मालकाच्या ताब्यातील मालाची नोकराने केलेली चोरी म्हणून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०६ प्रमाणे गुन्हा नोंदवला गेला होता. त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आरोपी दोन वर्षांपूर्वी तेलंगणातून नातेवाइकांकडे आलेला होता. बोलणे तेलुगू, वाचणेही तेलुगूच. मराठी त्याला कामापुरती समजत होती.

दुसऱ्या दिवशी त्याला रिमांडसाठी हजर केले, तेव्हा गरजूंना मोफत वकील देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाच्या वतीने त्याची बाजू मांडण्याचे काम माझ्याकडे आले. तेलुगू जाणणाऱ्या एका सहकाऱ्याला मध्ये घेऊन मी त्याला विचारले की तुला कशासाठी पकडले हे कोणी सांगितले का. त्याने खिशातून चार घड्या घातलेला एक कागद काढून दिला. झेरॉक्सवरून झेरॉक्स काढत आलेला तो फॉर्म होता. खालची ओळ निम्मी कापली गेली होती आणि डाव्या कडेला पंचिंगच्या दोन भोकांच्या काळ्या सावल्या उमटल्या होत्या. मजकूर असा, की फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ५० अन्वये आरोपीस अटकेची कारणे समजावून सांगण्यात आली. त्याखाली पेनाने एकच ओळ होती : ‘गुन्ह्यात सहभाग निष्पन्न झाल्याने.’ सही त्याने तेलुगूत केली होती. ज्या संहितेचे नाव त्या कागदावर छापले होते, ती १ जुलै २०२४ रोजी रद्द होऊन तिची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली आहे.

जुन्या कलमाचा उल्लेख हा तसा लहान दोष आहे; चुकीचा आकडा पडला म्हणून अटक बेकायदा ठरत नाही. खरा दोष त्या पेनाने लिहिलेल्या ओळीत होता. ६ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मिहिर राजेश शहा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात स्पष्ट केले की गुन्हा कोणत्याही कायद्याखालचा असो, अटकेची कारणे आरोपीला लेखी आणि त्याला समजणाऱ्या भाषेत दिली पाहिजेत. अटकेच्या क्षणी लेखी देणे शक्य नसेल तर तोंडी सांगून पुढे वाजवी वेळेत, आणि कसेही झाले तरी रिमांडसाठी न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे नेण्याच्या किमान दोन तास आधी, तो कागद त्याच्या हाती पडला पाहिजे. हे झाले नाही तर अटक आणि त्यापुढचा रिमांड दोन्ही बेकायदा ठरतात आणि आरोपीला सोडावे लागते.

न्यायदंडाधिकाऱ्यांनी तपास अधिकाऱ्यांना विचारले की या माणसाने नेमके काय केले असे तुमचे म्हणणे आहे आणि ते या कागदावर कोठे लिहिले आहे. ते कोठेच लिहिलेले नव्हते. कोन किती, कोणत्या दिवशी गेले, कोणी पाहिले, हे सगळे प्रथम खबरीत (एफआयआरमध्ये) होते, आरोपीच्या हातातल्या कागदावर नव्हते. आणि होते तेवढेही मराठीत होते. अटक बेकायदा ठरली, आरोपी सुटला. लेखी कारणे दिल्यानंतर पुन्हा कोठडी मागण्याची वाट पोलिसांना मोकळी होती, कारण निकालात तशी तरतूद आहे. पण तपास अधिकाऱ्यांनी पुढे नोटीस देऊनच काम चालवले आणि आरोपी प्रत्येक तारखेला हजर राहिला. प्रकरण अजून प्रलंबित असल्यामुळे त्याने चोरी केली की नाही यावर मी येथे काहीही लिहिणार नाही. फिर्यादी कारखानदार मात्र त्या दिवशी न्यायालयाच्या पायऱ्यांवर उभे राहून कळवळून म्हणत होते की कागदापायी माझा चोर सुटला. त्यांचा राग मला चुकीचा वाटला नाही. फक्त तो कोणावर काढायचा हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

आठवडाभराने त्या ठाण्याच्या पोलीस निरीक्षकांचा फोन आला. ‘मॅडम, आमची आदेशांची फाइल एकदा डोळ्यांखालून घालाल का? पुन्हा असं व्हायला नको.’ बचाव पक्षाच्या वकिलाने हे काम करावे का, असा प्रश्न मला पडला. मी प्राधिकरणाला कळवले, त्या आरोपीच्या प्रकरणावर एक शब्दही बोलणार नाही अशी अट घातली आणि गेले. पुढचा वृत्तांत त्या तीन दुपारींचा आहे. ठाण्याचे नाव देत नाही, कारण शहरातील इतर ठाण्यांत रिमांडच्या निमित्ताने जे कागद माझ्या हाती येतात त्यांवरून मला वाटत नाही की हा दोष एकाच ठिकाणचा आहे.

आदेश आला होता

पहिली गोष्ट लक्षात आली ती अशी, की कोणी काही कळवलेच नाही हे खरे नव्हते. नोव्हेंबरचा निकाल ठाण्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आला होता. इंग्रजीतली पूर्ण पीडीएफ, वर एक ओळ ‘अवलोकनार्थ व पुढील कार्यवाहीसाठी’, खाली अंगठ्यांची रांग. त्यानंतर त्याच ग्रुपवर बंदोबस्ताच्या नेमणुका, हरवलेल्या मुलांचे फोटो, चोरीच्या मोटारसायकलींचे क्रमांक आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा येत राहिल्या आणि निकाल वर सरकत गेला. त्या रात्री अटक करणाऱ्या उपनिरीक्षकांनी तो उघडून पाहिलाही होता. त्यांचे म्हणणे मी वहीत जसेच्या तसे लिहून घेतले : ‘मॅडम, कायदा बदलला हे माहीत होतं. फॉर्म बदलायचा हे कुणी सांगितलं नाही.’

या प्रकरणाचा गाभा त्या वाक्यात आहे असे मला वाटते. रात्री एक वाजता, बंदोबस्तावरून परतलेला, दोन दिवस नीट न झोपलेला अधिकारी निकाल वाचत नाही. तो ड्रॉवर उघडून हाताला लागेल तो कागद काढतो. ठाण्याचे खरे धोरण त्या ड्रॉवरमध्ये असते. मुंबईच्या किंवा आयुक्तालयाच्या कार्यालयात काढलेला आदेश जोपर्यंत त्या ड्रॉवरमधला जुना कागद बाहेर काढत नाही, तोपर्यंत तो आदेश त्या ठाण्यापुरता निघालेलाच नसतो.

येथे एक विसंगती सांगितली पाहिजे. सतेंदर कुमार अंतिल प्रकरणात जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावले की चौकशीला हजर राहण्याची नोटीस, म्हणजे पूर्वीची कलम ४१-अ ची आणि आताची कलम ३५ ची, व्हॉट्सअॅपवर पाठवून बजावली असे मानता येणार नाही. कायद्याने ठरवून दिलेल्या पद्धतीनेच ती द्यावी लागेल. नागरिकापर्यंत आदेश पोहोचला की नाही याची खात्री ज्या माध्यमाने होत नाही, त्याच माध्यमावर आपण पोलिसांपर्यंत आदेश पोहोचले असे धरून चाललो आहोत.

निकालांचा क्रमही समजून घ्यायला हवा, कारण ठाण्याची चूक त्यामुळे कळते. ३ ऑक्टोबर २०२३ च्या पंकज बन्सल निकालाने लेखी कारणांची सक्ती केली ती मनी लाँडरिंगविरोधी कायद्याच्या अटकांना. १५ मे २०२४ च्या प्रबीर पुरकायस्थ निकालाने ती यूएपीएला, म्हणजे बेकायदा कारवाया प्रतिबंधक कायद्याला, लागू केली. शहरातील ठाण्याला यावरून वाटणे स्वाभाविक होते की हा विषय ईडीचा आणि दहशतवादविरोधी पथकांचा आहे, सूतचोरीचा नाही. ७ फेब्रुवारी २०२५ च्या विहान कुमार निकालाने संविधानाच्या अनुच्छेद २२ (१) चा आधार घेऊन सांगितले की कारणे कळवणे ही प्रत्येक अटकेची सक्तीची अट आहे, आणि नोव्हेंबरच्या निकालाने सगळ्याच गुन्ह्यांसाठी ती लेखी असण्याचा नियम घातला. दोन वर्षांत एकच नियम चार पायऱ्या चढला. पहिल्या पायरीला ‘आपल्याला लागू नाही’ म्हणून बाजूला ठेवलेला विषय चौथ्या पायरीला पुन्हा उघडून पाहायला कोणी नेमलेले नव्हते.

लाल रेक्झिनची फाइल

स्थायी आदेशांची, म्हणजे ठाण्याचे रोजचे काम कसे करायचे याच्या सूचनांची, फाइल ठाणे अंमलदारांच्या मागच्या लोखंडी कपाटात होती. लाल रेक्झिनचे पुठ्ठे, मधून ओवलेली पांढरी नाडी, आणि कागद आले तसे वरून लावत गेलेले. अनुक्रमणिका सुरुवातीची काही पाने चालली होती, पुढे सोडून दिलेली. मी आणि ठाण्यातील एक हवालदार, ज्यांनी आयुष्याची तेवीस वर्षे खात्यात घालवली आहेत, असे दोघांनी मिळून तिची नाडी सोडली आणि टेबलावर कागदांच्या चळती लावायला सुरुवात केली.

पहिली चळत सोपी निघाली. नुसते कलमांचे आकडे जुने, मजकूर तोच : प्रथम खबर १५४ ऐवजी १७३, साक्षीदाराचा जबाब १६१ ऐवजी १८०, रिमांड १६७ ऐवजी १८७. यांना नवीन आकडे घालून टाइप करणे एवढेच काम होते.

दुसऱ्या चळतीत आकड्याबरोबर कामही बदललेले होते, आणि धोका तेथे होता. एका आदेशात हद्दीबाहेरील गुन्ह्याच्या तक्रारदाराला संबंधित ठाण्याकडे पाठवावे असे लिहिले होते. नव्या संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी खबर नोंदवून घ्यावी लागते. झडती आणि जप्तीचा आदेश केवळ पंचांबद्दल बोलत होता. कलम १०५ प्रमाणे आता त्या कारवाईचे दृकश्राव्य चित्रण करून विलंब न लावता न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचे असते. सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी यावे, ही कलम १७६ (३) मधील तरतूद त्यात नव्हती. नव्वद दिवसांत तपासाची प्रगती फिर्यादीला किंवा पीडिताला कळवावी हे कोठेच आले नव्हते. साठ वर्षांवरील किंवा दुर्बल व्यक्तीला तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात अटक करायची तर उपअधीक्षक दर्जापेक्षा कमी नसलेल्या अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते, हे कलम ३५ (७) ठाण्यातील निम्म्या लोकांनी ऐकले होते. लिहिलेले मात्र कोणाजवळ नव्हते.

तिसऱ्या चळतीने आम्हाला अडवले. हवालदारसाहेब जुने कागद फाडायला निघाले होते आणि मी त्यांचा हात धरला. नव्या संहितेच्या कलम ५३१ प्रमाणे १ जुलै २०२४ च्या आधी प्रलंबित असलेले तपास आणि खटले जुन्या संहितेनेच पुढे चालतात. म्हणजे २०२३ चा तपास आजही जुन्या कागदांवर चालू शकतो आणि ते कागद ठाण्यात असावेच लागतात. शिवाय जून २०२४ मध्ये घडलेला आणि ऑगस्टमध्ये नोंदवलेला गुन्हा असेल, तर कलम भारतीय दंड संहितेचे आणि कार्यपद्धती नव्या संहितेची, असे मिश्रण होते. म्हणून जुने सगळे वेगळ्या निळ्या फाइलमध्ये गेले आणि प्रत्येक पानावर लाल शिक्का बसला : ‘केवळ १ जुलै २०२४ पूर्वीच्या प्रलंबित प्रकरणांसाठी.’ ती फाइल आता ठाणे अंमलदारांच्या कपाटात नसते. ती न्यायालयीन कामकाज पाहणाऱ्या अंमलदारांकडे असते, कारण तिची गरज त्यांनाच पडते.

या तीन दुपारींत एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा जाणवत राहिली. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली निघणारे मनाई आदेश सोलापूरकर वर्तमानपत्रांत नेहमी वाचतात. त्यांतील जमावबंदीचा आदेश शासनाच्या मंजुरीशिवाय पंधरा दिवसांपेक्षा जास्त चालत नाही. तो कधी संपतो हे त्याच्यावरच लिहिलेले असते आणि पुढे हवा असेल तर पुन्हा विचार करून पुन्हा काढावा लागतो. त्यामुळे जुन्या जमावबंदीवरून आज कोणावर चुकून कारवाई झाली असे होत नाही. संपणारा आदेश काढण्याची सवय खात्याला अशी पूर्वीपासून आहे. फक्त स्थायी आदेशांना ती लावलेली नाही, आणि ‘स्थायी’ या शब्दाचा अर्थ आपण कायमचा असा घेतला. निरीक्षकांशी बोलताना मी एवढेच सुचवले की ठाण्याच्या पातळीवरील प्रत्येक सूचनेवर पुनर्विलोकनाची तारीख असावी आणि ती तारीख उलटली की सूचना आपोआप गुन्हे आढावा बैठकीच्या टेबलावर यावी.

समजणारी भाषा

सर्वांत जास्त वेळ गेला तो भाषेवर, आणि तो जायलाच हवा होता. सोलापुरात पूर्व भागात घरोघर तेलुगू, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरकडून येणाऱ्यांत कन्नड, मुस्लिम वस्त्यांत उर्दू आणि दखनी, आणि सगळ्यांच्या मध्ये मराठी. पहिली कल्पना अशी होती की फॉर्म पाच भाषांत छापून ठेवावा. तिचे दोन दोष लगेच दिसले. छापता येतो तो ठरीव मजकूर. कारणे तर प्रत्येक आरोपीची वेगळी, आणि नेमकी तीच त्याला कळायची असतात. दुसरा दोष या शहराचा खास आहे. येथे वाढलेल्या अनेक पद्मशाली (विणकर समाजातील) घरांतील मुले तेलुगू बोलतात, पण शाळा मराठी झाल्यामुळे तेलुगू लिपी त्यांना वाचता येत नाही. अशा मुलाला तेलुगूत छापलेला कागद दिला तर नियम पाळल्यासारखा दिसेल आणि त्याला एक अक्षरही कळणार नाही. आमच्या प्रकरणातल्या तरुणाचे नेमके उलट होते.

म्हणून नव्या फॉर्मवर सुरुवातीलाच दोन वेगळे रकाने आले : वाचता येणारी भाषा आणि बोललेली समजणारी भाषा. वाचता येत असेल तर त्या भाषेत लेखी कारणे. वाचता येत नसेल तर लेखी कारणे देऊन वर ती वाचून दाखवायची, आणि कोणी वाचून दाखवली, कोणत्या भाषेत, किती वाजता, हे लिहून त्या व्यक्तीची सही घ्यायची. ठाण्यात तेलुगू बोलणारे तिघे निघाले, लिहिणारा एकच. त्याची रजा असली की काय, हा प्रश्न निरीक्षकांनीच काढला. त्यावर शेजारच्या ठाण्यांतील तेलुगू, कन्नड आणि उर्दू लिहिणाऱ्या अंमलदारांची यादी करून ती ठाणे अंमलदारांच्या टेबलाच्या काचेखाली ठेवली. पूर्वी त्याच काचेखाली ‘४१ ची नोटीस’ कशी द्यायची याचा लॅमिनेट केलेला कागद होता.

दोन तासांच्या अटीचा हिशेब उलट दिशेने मांडावा लागला. न्यायालय अकराला बसते, तर कागद नऊच्या आत हातात पडला पाहिजे. आणि सकाळचा तो वेळ ठाण्यात पाळी बदलण्याचा असतो. रात्रीचे म्हणतात सकाळचे देतील, सकाळचे समजतात रात्री दिला असेल. त्या रात्रीही काहीसे असेच झाले होते. आता सूचना अशी आहे की अटक करणाऱ्याने पाळी सोडण्यापूर्वी स्वतः कारणे द्यावीत, दुसऱ्या प्रतीवर वेळेसह सही घ्यावी आणि ठाणे दैनंदिनीत नोंद करावी. कारणांच्या रकान्यात ‘सहभाग निष्पन्न’ असे लिहायला मनाई आहे. काय, केव्हा, कोठे आणि कशावरून, एवढे लिहायचे.

सगळे सुटले असे नाही. नवे निकाल वाचून त्यांचा एका पानाचा मराठी सारांश कोणी करायचा, हे काम आजही एका अधिकाऱ्याच्या हौसेवर चालते आणि त्यांची बदली झाली की काय होईल हे ठरलेले नाही. आयुक्तालयातील विधी अधिकाऱ्याने हे काम सर्व ठाण्यांसाठी एकदाच करावे असे माझे ठाम मत आहे. प्रत्येक ठाण्याने आपापल्या फाइलची नाडी सोडून बसणे ही शक्तीची उधळपट्टी आहे. हजेरीच्या वेळी सारांश वाचून दाखवणे मात्र सुरू झाले आहे आणि ऐकणाऱ्यांच्या सह्या वहीत घेतल्या जातात.

तिसऱ्या दुपारी जुने कोरे फॉर्म गोळा केले. ड्रॉवरमधले, तपास पथकाच्या खोलीतले, एका मोटारसायकलच्या डिकीतलेही. तरी हवालदारसाहेबांचे समाधान होत नव्हते. ते म्हणाले, ‘मॅडम, हे संपले की पोरं झेरॉक्सला जातात.’ आम्ही ठाण्यासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेलो. दुकानदाराने न विचारताच प्लॅस्टिकच्या फोल्डरमधून एक कागद काढून काचेवर ठेवला. खालची ओळ निम्मी कापलेली, डाव्या कडेला पंचिंगच्या दोन भोकांच्या सावल्या. शहरातल्या न जाणो किती अटका या एका कागदावरून निघाल्या असतील. हवालदारसाहेबांनी तो मागितला, तेव्हा दुकानदार म्हणाला, ‘न्या की. पण त्याच्या जागी नवा द्या साहेब, रात्री कोणीतरी मागायला येणारच.’ हवालदारसाहेबांनी पिशवीतून नवा फॉर्म काढला, त्याच्या कोपऱ्यातली तारीख त्याला दाखवली आणि सांगितले की पुढच्या जुलैनंतर हाही कोणाला देऊ नका, मला फोन करा.